सुया खाली कधी ठेवायच्या?

"विणायला बसलं की डोकं शांत होतं. पण हल्ली थोड्या वेळात अंगठा ठणकायला लागतो आणि रात्री बोटांना मुंग्या येतात. घरचे म्हणतात, बंद कर ते विणकाम. खरंच बंद करू का?"

लोकरीचं विणकाम करणाऱ्या अनेकांच्या मनात हा प्रश्न असतो. कुणाला मधुमेह असतो, कुणाला थायरॉइड, कुणाला आमवात, कुणाचं नुकतंच मोठं ऑपरेशन झालेलं असतं. कुणी स्वतः धडधाकट असते, पण घरात अंथरुणावर असलेल्या सासऱ्यांचं सगळं तिच्याकडे असतं. छंद हवासा वाटतो आणि तो शरीराला झेपेल का, वेळेत बसेल का, याची धास्तीही असते.

थोडक्यात उत्तर असं, की बहुतेकांना विणकाम सोडावं लागत नाही. ते किती वेळ करायचं, कशानं करायचं आणि कधी थांबायचं, एवढं मात्र नव्यानं ठरवावं लागतं. हे ठरवता येण्यासाठी आधी हातात काय घडतं ते पाहू.

१. विणताना हातात काय घडतं?

एक सुलट टाका घालताना काय काय होतं ते सावकाश बघा. उजवी सुई टाक्यात शिरते, दोरा तिच्यावरून फिरतो, सुई तो दोरा घेऊन बाहेर येते आणि जुना टाका डाव्या सुईवरून उतरतो. यात मनगट थोडं वळतं, तर्जनी दोरा ताणून धरते आणि दोन्ही अंगठे सुया घट्ट दाबून ठेवतात. एका टाक्याला लागणारी ताकद अगदी किरकोळ असते. पण तीच हालचाल तासाभरात हजारापेक्षा जास्त वेळा होते.

बोटं वळवणारे स्नायू मुख्यतः कोपर आणि मनगट यांच्यामध्ये, हाताच्या पुढच्या भागात असतात. त्यांच्यापासून दोरीसारख्या चिवट कंडरा निघतात आणि मनगटातून बोटांपर्यंत जातात. मनगटाच्या तळहाताकडच्या बाजूला हाडं आणि एक जाड पट्टा यांनी बनलेला अरुंद मार्ग आहे. त्यातून नऊ कंडरा आणि एक महत्त्वाची नस जाते. त्या मार्गाला कार्पल टनेल म्हणतात आणि नसेला मीडियन नर्व्ह. अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेची अर्धी बाजू यांना या नसेमुळे स्पर्श कळतो.

मनगट सरळ असताना या मार्गात दाब कमी असतो. मनगट खाली किंवा वर वाकलं की दाब वाढतो. म्हणून वाकलेल्या मनगटानं तासभर विणणं आणि सरळ मनगटानं तासभर विणणं यांचा हातावर होणारा परिणाम वेगळा असतो. टाके तेवढेच पडतात, नसेवरचा ताण मात्र बदलतो.

२. दुखणं नेमकं कुठलं?

"हात दुखतो" असं म्हणून भागत नाही. कुठे, कधी आणि कसा दुखतो, यावर पुढचं सगळं अवलंबून आहे. विणणाऱ्यांच्या बाबतीत नेहमी दिसणारे प्रकार असे:

मुंग्या आणि बधिरपणा: अंगठा आणि शेजारच्या दोन-तीन बोटांना मुंग्या येतात, रात्री जाग येते आणि हात झटकला की बरं वाटतं. ही कार्पल टनेलमध्ये नस दाबली जात असल्याची लक्षणं असू शकतात. स्त्रियांमध्ये हा त्रास जास्त आढळतो. गरोदरपण, मधुमेह, आमवात आणि थायरॉइडचं काम मंदावणं या अवस्थांत तो वाढतो. त्यामुळे अशा मुंग्यांचं सगळं खापर सुयांवर फोडण्याआधी रक्तातली साखर आणि थायरॉइड तपासून घ्यावं.

करंगळीकडचा बधिरपणा: इथे दुसरी नस त्रासात असते. ती कोपराच्या आतल्या बाजूनं जाते. कोपर बराच वेळ घट्ट दुमडलेलं राहिलं, किंवा खुर्चीच्या कडक हातावर टेकलेलं राहिलं, की तिच्यावर ताण येतो.

अंगठ्याच्या मुळाशी दुखणं: बरणीचं झाकण उघडताना, किल्ली फिरवताना आणि सुई दाबून धरताना अंगठ्याच्या बुडाशी कळ येत असेल, तर बहुधा तिथल्या सांध्याची झीज झालेली असते. चाळिशी-पन्नाशीनंतर ती अनेकांना होते. सकाळी हात आखडतात, पण साधारण अर्ध्या तासात मोकळे होतात.

मनगटाच्या अंगठ्याकडच्या बाजूला दुखणं: अंगठा मुठीत धरून मनगट करंगळीकडे वाकवलं की जोराची कळ येते. फ्रिट्झ द करव्हँ या स्विस शल्यविशारदानं १८९५ मध्ये या त्रासाचं वर्णन केलं, म्हणून त्याचं नाव या दुखण्याला मिळालं. बाळाला सारखं उचलून घेणाऱ्या नव्या आयांनाही तो होतो. बाळासाठी स्वेटर विणणाऱ्या आईच्या मनगटावर म्हणूनच दुहेरी भार असतो.

बोट अडकणं: दुमडलेलं बोट सरळ होताना अडकतं आणि खटकन सुटतं. मधुमेह असलेल्यांना हे जास्त होतं.

दोन्ही हातांचे सांधे सुजणं: बोटांचे मधले सांधे आणि मनगटं सुजलेली, गरम, आणि सकाळचा आखडलेपणा तासाभराहून जास्त टिकणारा असेल, तर आमवाताची शक्यता असते. त्यावर लवकर औषध सुरू होणं फार महत्त्वाचं असतं. इथे घरगुती उपायांत दिवस घालवू नयेत.

मधुमेह असलेल्यांसाठी एक सोपी तपासणी आहे. छातीसमोर नमस्कार करा आणि तळवे व बोटं एकमेकांना पूर्ण टेकतात का ते पाहा. जुन्या मधुमेहात काही जणांची त्वचा आणि सांध्यांभोवतीचा भाग कडक होतो आणि बोटांमध्ये फट राहते. ती दिसली तर डॉक्टरांना जरूर सांगा. अशा हातांनी विणता येतं, पण जाड सुया आणि छोट्या बैठका लागतात.

३. विणून बरं वाटतं, त्याला आधार काय?

छंदासाठी एवढा खटाटोप का करायचा, असं कुणी विचारेल. त्याचं उत्तर विणणाऱ्यांना अनुभवानं ठाऊक असतं, आणि अभ्यासकांनीही या बाजूनं काही काम केलं आहे.

हार्वर्डचे डॉक्टर हर्बर्ट बेन्सन यांनी १९७५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात शरीराच्या शांत अवस्थेविषयी लिहिलं. एखादा शब्द किंवा प्रार्थना पुन्हा पुन्हा म्हणत राहिलं आणि मन भरकटलं की त्याला हळूच त्याच ठिकाणी परत आणलं, तर श्वास आणि नाडी मंदावतात, असं त्यांनी मांडलं. एका लयीत पुन्हा पुन्हा होणारी हालचालही याच प्रकारात येते. सुलट-उलट, सुलट-उलट ही तशीच लय आहे.

२०१३ मध्ये ब्रिटनमधल्या जिल रायली, बेट्सन कॉर्कहिल आणि क्लेअर मॉरिस यांनी विणणाऱ्यांची ऑनलाइन पाहणी प्रसिद्ध केली. तीत निरनिराळ्या देशांतल्या ३,५४५ जणांनी उत्तरं दिली होती. जे जास्त वेळा विणतात त्यांना जास्त शांत आणि आनंदी वाटतं, असा संबंध त्यात दिसला. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या संशोधकांनी २०११ मध्ये ७० ते ८९ वर्षांच्या १,३२१ लोकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. वाचन, संगणकाचा वापर, विणकामासारख्या हस्तकला यांत रमणाऱ्यांमध्ये स्मरण आणि विचारशक्तीची सौम्य घट कमी आढळली.

या अभ्यासांची मर्यादाही समजून घ्यायला हवी. पहिल्या पाहणीत विणणाऱ्यांनीच उत्तरं दिली, म्हणजे ज्यांना विणणं आवडतं असेच लोक त्यात होते. दुसऱ्या अभ्यासात दोन गोष्टी एकत्र आढळल्या, पण एकीमुळे दुसरी झाली हे त्यानं सिद्ध होत नाही. ज्यांची बुद्धी तल्लख राहिली तेच विणत राहिले असंही असू शकतं. म्हणून विणकाम हे औषध आहे असं म्हणता येणार नाही. गोळ्या बंद करून सुया हातात घेणं चुकीचं ठरेल. पण आजारपणात माणसाला लय, गुंतवणूक आणि काही तरी घडवल्याचं समाधान हवं असतं, आणि विणकाम ते देतं.

वैद्यकानं ही गोष्ट फार पूर्वी ओळखली. पहिल्या महायुद्धाच्या काळात जखमी सैनिकांच्या रुग्णालयांत हस्तकलांचा उपचार म्हणून मोठा वापर झाला. त्यातून ऑक्युपेशनल थेरपी म्हणजे व्यवसायोपचार ही शाखा वाढली. रोजची कामं आणि आवडीची कामं माणसाला पुन्हा करता यावीत, हे तिचं उद्दिष्ट आहे. भारतात या शाखेचं पहिलं प्रशिक्षण १९५० मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात कमला निंबकर यांनी सुरू केलं. तेव्हा "मला परत विणता यायला हवं" अशी मागणी घेऊन तुम्ही व्यवसायोपचार तज्ज्ञाकडे गेलात, तर ती मागणी मुळीच क्षुल्लक नाही. त्यांचं काम तेच आहे.

४. दुखायच्या आधी थांबणं

या प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा भाग हा आहे. विणणाऱ्यांपैकी बहुतेक जण दुखायला लागल्यावर थांबतात. "एवढी ओळ होऊ दे", "एवढा गळा होऊ दे" म्हणत हात चालू राहतो आणि कळ आली की सुया खाली जातात. मग तीन-चार दिवस हात धरून बसावं लागतं. बरं वाटलं की राहिलेलं काम भरून काढायला पुन्हा तीन तासांची बैठक होते आणि पुन्हा तीच कळ येते.

महिन्याच्या पहिल्या पाच दिवसांत सगळा पगार उडवला आणि उरलेले पंचवीस दिवस उधारीवर काढले, तर घर चालत नाही. हाताची ताकद तशीच आहे. ती रोज थोडी वापरली तर महिनाभर पुरते. एकदम वापरली तर उसनवारी होते आणि तिचं व्याज दुखण्याच्या रूपानं फेडावं लागतं. दीर्घकाळ दुखणं असलेल्यांना शिकवल्या जाणाऱ्या या पद्धतीला पेसिंग म्हणतात.

तिचा नियम असा, की थांबायची वेळ घड्याळानं ठरवावी, दुखण्यानं नव्हे. तुमची वेळ शोधायची रीत सोपी आहे. दोन-तीन दिवस विणताना दुखायला कधी सुरुवात होते ते टिपा. समजा, साधारण ४० मिनिटांनी अंगठा बोलायला लागतो. मग त्याच्या निम्म्या वेळेवर, म्हणजे २० मिनिटांवर थांबायचं. हात अगदी छान चाललेला असला तरी थांबायचं. पाच-दहा मिनिटं उठून फिरायचं, पाणी प्यायचं, बोटं पूर्ण उघडायची आणि मिटायची. पुढची बैठक त्यानंतर.

दोन आठवडे त्रास झाला नाही, तर प्रत्येक बैठक पाच मिनिटांनी वाढवून पाहता येते. त्रास झाला, तर पाच मिनिटं कमी करायची.

५. एका मफलरचा हिशोब

ही वीस मिनिटांची शिस्त कामाला लावली तर हातून काही पुरं होईल का? हिशोब करून पाहू.

मध्यम जाडीची लोकर आणि ८ नंबरच्या, म्हणजे ४ मिलिमीटरच्या सुया घेतल्या तर १० सेंटीमीटर रुंदीत साधारण २२ टाके बसतात आणि १० सेंटीमीटर लांबीत २८ ओळी. २० सेंटीमीटर रुंद आणि १५० सेंटीमीटर लांब मफलरला ४४ टाके आणि ४२० ओळी लागतील. ४४ गुणिले ४२० म्हणजे १८,४८० टाके. मिनिटाला २० टाके हा रमतगमत विणण्याचा वेग धरला, तर ९२४ मिनिटं, म्हणजे साडेपंधरा तासांच्या आसपास वेळ लागेल.

दिवसातून वीस मिनिटांच्या दोनच बैठका केल्या तरी साधारण २३ दिवसांत मफलर तयार होतो. तोच मफलर तीन दिवसांत संपवायचा ठरवला तर रोज पाच तासांपेक्षा जास्त विणावं लागेल. काम तेवढंच आहे, फरक फक्त तारखेचा आहे. एका बैठकीत साधारण नऊ ओळी होतात, त्यामुळे घड्याळाकडे बघायचा कंटाळा असेल तर नऊ ओळी मोजून थांबलं तरी चालतं.

आता मोठ्या माणसाचा स्वेटर. पुढचा आणि मागचा भाग प्रत्येकी ५० सेंटीमीटर रुंद आणि ६० सेंटीमीटर उंच धरला, बाह्या सरासरी ४० सेंटीमीटर रुंद आणि ४५ सेंटीमीटर लांब धरल्या, तर एकूण ५९ हजारांच्या घरात टाके होतात. त्याच वेगानं ४९ तास लागतात. रोज ४० मिनिटं आणि आठवड्यातून पाच दिवस, अशा हिशोबानं १५ आठवडे. वर गळा, शिवण आणि आजारपणाचे चार दिवस यांसाठी दोन-तीन आठवडे हाताशी ठेवले, तर डिसेंबरच्या थंडीत घालायच्या स्वेटरचे टाके श्रावणात घालावे लागतात.

विणणाऱ्यांचे हात सर्वांत जास्त दुखावतात ते तारखेमुळे. बारशाच्या आदल्या रात्री बाळंतविड्यातली कानटोपी पुरी करायची, परदेशी निघालेल्या मुलीच्या बॅगेत स्वेटर द्यायचाच, अशा वेळी माणूस स्वतःचा नियम मोडतो. म्हणून काम हातात घेतानाच टाक्यांचा हिशोब करा. तो वेळेत बसत नसेल तर स्वेटरऐवजी टोपी द्या, किंवा स्वेटर पुढच्या हिवाळ्यासाठी ठेवा.

६. हाताची बाकीची कामं

हात दुखायला लागला की घरातले लोक पहिल्यांदा विणकाम बंद करायला सांगतात. पण त्याच हातानं दिवसभरात आणखी काय काय होतं, याची यादी कुणी करत नाही. कणीक मळणं, पोळ्या लाटणं, नारळ खवणं, चादरी पिळणं, कुकर उचलणं, भाजीच्या पिशव्या बोटांवर लटकवून जिने चढणं, ऑफिसात संगणकावर टंकणं, आणि मोबाइलवर अंगठ्यानं लिहिणं. जी ताकद कणीक मळायला किंवा चादर पिळायला लागते, ती एका टाक्याच्या मानानं कितीतरी जास्त असते.

सगळा भार एकाच हातावर पडत असतो. त्यातली सगळी कामं तशीच ठेवून आवडीचं तेवढं काढून टाकायचं, हा न्याय नाही आणि उपायही नाही. विणकाम सोडूनही अंगठा दुखतच राहतो, कारण बाकीचा भार तसाच असतो. शिवाय मनाला विसावा देणारी गोष्ट हातची जाते.

म्हणून आधी जड कामं हलकी करा. कणीक भिजवून वीस मिनिटं झाकून ठेवली की ती मऊ होते आणि मळायला कमी जोर लागतो. कपडे पिळण्याऐवजी निथळत ठेवा किंवा मशीनमध्ये फिरवून घ्या. भरलेली कढई दोन्ही हातांनी उचला. पिशवी बोटांऐवजी खांद्याला अडकवा. झाकण उघडताना रबरी फडक्याचा उपयोग करा. मोबाइलवर लांबलचक मजकूर लिहिण्याऐवजी बोलून पाठवा. आणि घरात दुसरे धडधाकट हात असतील तर कणीक आणि पिळणं त्यांच्याकडे सोपवा.

कामांचा क्रमही महत्त्वाचा आहे. पोळ्या झाल्या की लगेच सुया हातात घेऊ नका. हाताला तासभर विश्रांती मिळेल अशी वेळ निवडा. सकाळी बोटं आखडलेली असतील तर कोमट पाण्यात पाच-दहा मिनिटं हात बुडवून मग विणायला बसा. मधुमेहानं हाताची संवेदना कमी झाली असेल, तर पाणी किती गरम आहे हे कोपरानं किंवा दुसऱ्या कुणाकडून तपासून घ्या. बधिर बोटांना चटका कळत नाही.

७. सुया आणि लोकर बदलून पाहा

हात बदलता येत नाहीत, सामान बदलता येतं.

सुईची जाडी: आपल्याकडच्या जुन्या पद्धतीत नंबर जितका मोठा तितकी सुई बारीक. १२ नंबरची सुई २.७५ मिलिमीटरची असते, ८ नंबरची ४ मिलिमीटरची आणि ६ नंबरची ५ मिलिमीटरची. फार बारीक सुई धरायला बोटं जास्त आवळावी लागतात आणि फार जाड सुयांनी मनगट जास्त फिरतं. दुखऱ्या हातांना ६ ते ८ नंबर बहुधा सोयीचे पडतात.

सुईचा प्रकार: लाकडी आणि बांबूच्या सुया हलक्या असतात, थंडीत गार लागत नाहीत आणि टाके चटकन घसरत नाहीत, त्यामुळे पकड सैल ठेवता येते. धातूच्या सुयांवर टाके भराभर सरकतात. घट्ट विणणाऱ्यांना, ज्यांचे टाके पुढे ढकलावे लागतात, त्यांना त्याच बऱ्या वाटतात. दोन्ही वापरून पाहा.

गोल सुई: दोन आखूड सुया लवचीक तारेनं जोडलेल्या असतात. सरळ सुयांवर स्वेटर वाढत जातो तसं त्याचं सगळं वजन सुईच्या टोकाला लटकतं आणि मनगटावर येतं. गोल सुईवर तेच वजन तारेवर, म्हणजे तुमच्या मांडीवर विसावतं. सपाट तुकडाही गोल सुईवर विणता येतो. मनगट दुखणाऱ्यांनी एवढा एक बदल तरी करून पाहावाच.

लोकर: खरी लोकर थोडी ताणली जाते, त्यामुळे सुई टाक्यात सहज शिरते. सुती दोरा ताणला जात नाही, त्यामुळे बोटांना जास्त जोर लावावा लागतो. कोकणात किंवा मुंबईत उन्हाळ्यात लोकर मांडीवर नकोशी वाटते, तेव्हा सुती दोऱ्याचं काम घ्यायचं असेल तर छोटं घ्या. दमा असेल तर तंतू सुटणारी फुलारलेली लोकर टाळा.

पकड: मध्येच थांबून स्वतःच्या हाताकडे बघा. बोटांची पेरं पांढरी पडली असतील तर पकड जास्त घट्ट आहे. खांदे कानांकडे चढले असतील तर ते खाली सोडा.

८. डोळे, मान आणि बैठक

चाळिशीनंतर जवळचं कमी दिसू लागतं. चष्म्याचा नंबर जुना असेल तर टाके दिसायला धडपड होते आणि मान वाकते. मोठ्या माणसाच्या डोक्याचं वजन साडेचार-पाच किलो असतं. ते सरळ मानेवर तोलून राहतं, पण मान पुढे झुकली की मागच्या स्नायूंना ते सतत ओढून धरावं लागतं. विणणाऱ्यांच्या मानदुखीचं हे मोठं कारण आहे.

मांडीवर एक उशी घेऊन तिच्यावर हात टेकवा, म्हणजे काम वर येईल आणि मान कमी झुकेल. पाठीला आधार असलेली खुर्ची घ्या आणि पाय जमिनीला टेकू द्या. प्रकाश खांद्यामागून कामावर पडू द्या. काळी आणि गडद निळी लोकर दिवसाउजेडी विणा, रात्रीसाठी फिकट रंग ठेवा. दर वीस मिनिटांनी वीस सेकंद तरी लांबवर, साधारण वीस फुटांपलीकडे बघा. टक लावून काम करताना पापण्या कमी लवतात आणि डोळे कोरडे पडतात, म्हणून मुद्दाम पापण्या मिटा.

एका जागी तासन्‌तास बसल्यानं पायांना सूज येते. ठरलेल्या वेळी उठण्याचा नियम हातांइतकाच पायांसाठीही उपयोगी आहे.

९. चांगल्या दिवसाचं काम, वाईट दिवसाचं काम

दीर्घ आजारात सगळे दिवस सारखे नसतात. कधी बुद्धी तरतरीत असते, कधी औषधांनी डोकं जड होतं आणि टाके मोजता येत नाहीत. म्हणून दोन कामं सुयांवर ठेवावीत. एक आव्हानाचं, नक्षीचं, चांगल्या दिवसासाठी. दुसरं फक्त सुलट टाक्यांचं, नजर न लावता होणारं, वाईट दिवसासाठी.

किती ओळी झाल्या ते वहीत लिहून ठेवा, लक्षात ठेवायचं ओझं घेऊ नका. नक्षीचं काम असेल तर दर दहा-वीस ओळींनंतर दाभणानं एक वेगळ्या रंगाचा दोरा सगळ्या टाक्यांतून ओवून ठेवा. पुढे चूक झाली तर त्या दोऱ्यापर्यंतच उसवावं लागतं.

ज्यांना आजारी माणसाची शुश्रूषा करावी लागते, त्यांना सलग वेळ मिळत नाही. त्यांच्यासाठी चौकोनांची दुलई फार चांगली. १० सेंटीमीटरच्या एका चौकोनाला वरच्या मापानं २२ टाके आणि २८ ओळी, म्हणजे ६१६ टाके लागतात. अर्ध्या तासात एक चौकोन होतो, पिशवीत मावतो आणि दवाखान्याच्या बाकावरही विणता येतो. असे ४८ चौकोन जोडले की ६० बाय ८० सेंटीमीटरची बाळाची दुलई होते.

काही आजारांत विशेष काळजी हवी. आमवाताचा जोर वाढून सांधे सुजलेले असतील त्या दिवसांत विणू नका, सूज उतरल्यावर छोट्या बैठकांनी सुरुवात करा. स्तनाच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेनंतर हाताला सूज येण्याचा धोका असेल, तर कधी आणि किती विणायचं हे डॉक्टरांना विचारून ठरवा. डायलिसिस चालू असताना सुया टोचलेला हात हलवायचा नसतो, तेव्हा विणकाम बाजूला ठेवावं लागतं. एमआरआयच्या खोलीत धातूच्या सुया नेऊ नका. किमोथेरपीनं बोटं बधिर झाली असतील तर बोथट टोकाच्या जाड सुया घ्या.

१०. डॉक्टरांकडे केव्हा जायचं?

पुढीलपैकी एक जरी गोष्ट असेल तर वाट बघू नका: बोटांचा बधिरपणा दिवसभर राहतो, मुंग्यांमुळे रात्री वारंवार जाग येते, हातातून कप निसटतो, अंगठ्याखालचा मांसल उंचवटा सपाट होऊ लागला आहे, सांधे लाल-गरम-सुजलेले आहेत, सकाळचा आखडलेपणा तासाभराहून जास्त राहतो, बोट अडकून बसतं, किंवा दोन-तीन आठवडे विश्रांती घेऊनही दुखणं कमी होत नाही.

नस दाबली गेली असेल तर सुरुवातीला रात्री मनगट सरळ ठेवणारा पट्टा लावून अनेकांना आराम पडतो. गरज पडली तर नसेतला विद्युतप्रवाह मोजणारी तपासणी करतात. काहींना इंजेक्शन किंवा छोटी शस्त्रक्रिया लागते. नस खूप काळ दाबलेली राहिली तर स्नायू कायमचे अशक्त होऊ शकतात, म्हणून उशीर नको. डॉक्टरांकडे जाताना विणकाम सोबत न्या आणि तुम्ही सुया कशा धरता ते दाखवा. "हात दुखतो" या दोन शब्दांपेक्षा ती दोन मिनिटं त्यांना जास्त माहिती देतात.

विणणाऱ्यांना शेवटी एवढंच सांगायचं आहे: काम सुरू करण्याआधी टाक्यांचा हिशोब करा, घड्याळ लावून बसा आणि घड्याळ वाजलं की ओळ अर्ध्यावर असली तरी थांबा. अर्धी ओळ उद्या पुरी करता येते. आणि घरातल्यांना विनंती आहे. तुमच्या घरात विणणारं कुणी दुखऱ्या हातानं बसलं असेल, तर त्यांच्या हातातल्या सुया काढून घेऊ नका. त्यांच्यासमोरची कणकेची परात आणि पिळायच्या चादरी तुम्ही घ्या.